तीन खाचांची काठी

खाडीत पक्षी मोजायला जाणाऱ्यानं दोन गोष्टी बरोबर न्याव्यात, एक दुर्बीण आणि दुसरा धीर. दोन हजार सहाच्या जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे प्रल्हाद मयेकर गोखिवऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून निघाला तेव्हा दुर्बीण गळ्यात होती. धीर काही घरात सापडला नव्हता.

विनयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पोळीभाजीचा डबा हातात दिला आणि विचारलं, "नक्की जायचंय ना? नाहीतर त्या मुलांना सांगा, पाठ दुखतेय म्हणून."

"नऊ वर्षं तेच सांगतोय," प्रल्हाद म्हणाला आणि चपला घालून जिना उतरला.

'ती मुलं' म्हणजे वसईतलं निसर्गमंडळ. त्यातल्या जितेंद्रनं फोन करकरून त्याचा पिच्छा पुरवला होता. नायगावच्या खाडीकाठी तिवरांवर भराव पडायचं घाटत होतं आणि भराव घालणारे म्हणत होते, तिथे पक्षी आहेतच कुठे? पक्षी होते. पण ते कागदावर दाखवायला मोजणी लागते, आणि त्या खाडीची मोजणी सत्त्याण्णव सालापर्यंत प्रल्हादच्या वह्यांत होती. पुढे कोरी पानं. विमा कचेरीतला हा कारकून आठ वर्षं दर रविवारी चिखल तुडवत होता आणि एके दिवशी एकाएकी थांबला. का थांबला, हे मंडळातल्या नव्या मुलांना ठाऊक नव्हतं. धक्क्यावरच्या माणसांना ठाऊक होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

उल्हास नदी समुद्राला भेटायच्या आधी फाटते, आणि तिची एक वाट वसईकडे येते. इथे पाण्याला घाई नसते. ते गाळ टाकत, बेटं घडवत, तिवरांच्या मुळ्यांतून रेंगाळत येतं. जमीन कुठे संपली आणि पाणी कुठे लागलं, हे इथे दर सहा तासांनी बदलतं. ओहोटीला, कोळी तिला सुकती म्हणतात, मैलभर चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या, चिखलातले इवले मासे, उड्या मारतात, इवले खेकडे एक नांगी हलवत बसतात आणि आकाशातून पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. वास मात्र कुजका, खारट. नव्या माणसाला मळमळतं, जुन्याला त्या वासानंच भूक लागते.

धक्क्यावर सॅन्टन होडी घेऊन उभा होता. पस्तिशीचा, अबोल. त्याचा थोरला भाऊ प्लासिड, प्रल्हादचा मित्र, नऊ वर्षांपूर्वी याच खाडीत गेला होता. होडीही तीच होती, फक्त रंग नवा.

"या भाऊ," सॅन्टन म्हणाला. "बसा."

धक्क्याच्या वरच्या पायरीवर एक बाई टोपली निवडत बसली होती. प्लासिडची बायको, सालोमी. केस पांढरे झाले होते. तिनं मान वर केली, प्रल्हादला ओळखलं आणि पुन्हा टोपलीत पाहिलं. प्रल्हादनं नमस्कारासाठी उचललेला हात तसाच खाली आला.

होडीत, जुन्या जागी, प्रल्हादची काठी आडवी ठेवलेली होती.

या काठ्यांचं सांगायला हवं. या कोळ्यांच्या पाड्यातली रीत अशी की चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकानं होडीपाशी आपली काठी रोवायची. खाडीच्या मधोमध शिंपल्यांचा एक कठीण पट्टा आहे, पायवाटेइतका रुंद. त्यावर माणूस चालू शकतो. पट्ट्याच्या उजवी-डावीकडे पाय टाकला की कंबरेपर्यंत आत. तेव्हा परतताना काठी दिसली की वाट दिसली. आणि परत आलेल्यानं आपली काठी आपल्याच हातानं काढायची. दुसऱ्याच्या काठीला हात लावायचा नाही, मग ती बुडत का असेना. काठी उभी आहे तोवर तो माणूस अजून उतरलेला आहे, होडी हलणार नाही. ज्याची काठी दुसऱ्याच्या हातानं निघाली त्याला घर सापडत नाही, असं म्हातारी माणसं सांगत. होडी धक्क्याला लागली की पायरीवरच्या बायका विचारत, "किती जन?" आणि होडीतून आकडा सांगायचा. गेले तितके आले, की बायका उठून चुलीकडे जात.

प्रल्हादला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. वहीत त्यानं ते 'स्थानिक समजुती' असं शीर्षक देऊन लिहूनही ठेवलं होतं. शिकलेल्या माणसाची हीच गोम असते. एखादी गोष्ट लिहून ठेवली की ती कळली असं त्याला वाटतं.

प्लासिड शाळेत चौथीपर्यंत गेलेला, पण पक्षी ओळखण्यात प्रल्हादचा गुरू. तो त्याला 'बगळेभाऊ' म्हणायचा, कारण पहिल्या दिवशी प्रल्हादनं शंभर पावलांवरच्या पांढऱ्या पक्ष्यांना छातीठोकपणे बगळे म्हटलं होतं आणि त्या निघाल्या वाकड्या चोचीच्या शराट्या. आणखी एक खोड होती प्लासिडची. प्रल्हाद दुर्बीण लावून मोठ्यानं मोजायचा, मोजणी संपवून म्हणायचा, "दोनशे बारा." प्लासिड बिडी विझवत शांतपणे म्हणायचा, "आनि एक." आणि खरोखरच तिवराच्या मुळीआड मान पंखात खुपसून एक बसलेला असायचा. आधी प्रल्हादला राग यायचा. मग सवय झाली. मग तर तो आकडा सांगून मुद्दाम थांबायचा, ते दोन शब्द ऐकायला.

सत्त्याण्णवची सव्वीस जानेवारी रविवारी आली होती, सुट्टी बुडाली म्हणून सगळी कचेरी हळहळली होती. त्या सकाळी दोघेच होडीत होते. पट्ट्यापाशी नांगर टाकला, दोघांनी आपापल्या काठ्या रोवल्या. प्लासिडच्या काठीला डोक्याशी तीन खाचा होत्या. प्रल्हादची साधी. मोजणी झाली. प्लासिड म्हणाला, "आनि एक." पण या वेळी तो हसला नाही. तिवरांच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्यो वेगळा हाय. काळा, उंच. चोच लाल."

प्रल्हादचं काळीज उडालं. काळा करकोचा. या खाडीत तो कुणी पाहिल्याची नोंद नव्हती. वहीत पहिली नोंद आपली होईल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. धुकं उतरत होतं, सुकती संपत आली होती, हे त्याला दिसत होतं. तरी तो म्हणाला, "प्लासिड, खात्री करून येतोस? मी इथली वही पुरी करतो."

"पानी फिरंल आता."

"दहा मिनिटं रे."

प्लासिडनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पट्ट्यावरून निघाला. माणूस भिडेखातर काय काय करतो.

धुकं असं आलं की प्रल्हादला स्वतःचे गुडघे दिसेनात. पाणी घोट्याला लागलं. त्यानं हाक मारली. उजवीकडून प्लासिडची ओ आली, लांबून. प्रल्हादला वाटलं, होडी त्या बाजूला नेली तर बिचाऱ्याचं चालणं वाचेल. चांगल्या मनानं वाटलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. त्यानं आपली काठी उपटली. दुसरी इथे ठेवली तर वाहून जाईल, असा विचार करून तीही उपटली. ती सहज निघाली नाही. दोन्ही हातांनी, पाय रोवून ओढावी लागली. मग नांगर उचलून तो आवाजाच्या दिशेनं वल्हं मारत निघाला.

धुक्यातला आवाज फसवा असतो हे खाडीवरचं शेंबडं पोरही सांगेल. थोड्या वेळानं हाक मागून आली. काठी होती तिथून.

"बगळेभाऊ... काठी दिसंना."

"मी इकडे आहे! इकडे ये!"

"कुठं?... काठी कुठं हाय?"

प्रल्हादनं होडी वळवली, पुन्हा वळवली. हाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेवटची अगदी जवळून आली, वल्ह्याच्या अंतरावरून, आणि त्यात ओरडणं नव्हतं. बाजारात हरवलेल्या माणसानं कुणाला तरी पत्ता विचारावा तसं विचारलं होतं, "माझी काठी कुठं हाय?" त्यानंतर नुसतं पाणी.

धक्क्यावर सालोमी उभी होती. तिनं विचारलं, "किती जन?" आणि प्रल्हादला सांगावं लागलं, "एक."

पुढे पाड्यातली माणसं जमली, पोलीस आले, आणि सगळे एकच विचारत होते, काठी कुठे गेली? तेव्हा प्रल्हादच्या तोंडून एक वाक्य गेलं. "पाण्यानं उपटली. सैल रोवलेली असावी. तरंगत होती, मी उचलली." एवढंच. त्या 'सैल'नं प्लासिडची अब्रू घेतली. आदल्या रात्री पाड्यात लग्न होतं. प्लासिड प्यायला असणार, हात थरथरत असणार, एवढा जाणता माणूस काठी सैल रोवतो म्हणजे काय, असं लोक बोलू लागले, आणि बोलता बोलता तेच खरं झालं. वास्तविक प्लासिडनं त्या लग्नात सरबतापलीकडे काही घेतलं नव्हतं, पहाटे बगळेभाऊला न्यायचं होतं म्हणून. हे सालोमी सांगायची. बायको सांगणारच, असं लोक म्हणायचे.

देह मिळाला नाही. नोव्हेंबरात सगळा पाडा आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायला जातो, सालोमी आपली मेणबत्ती धक्क्याच्या पायरीवर लावते. आणि प्रल्हादनं खाडीचं नाव टाकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्या मुठीत त्याचीच बोटं कुजत होती.

तर आता, नऊ वर्षांनी, सॅन्टननं पट्ट्यापाशी नांगर टाकला. आदल्या दिवशी पौर्णिमा झाली होती, सुकती खोल होती. प्रल्हाद उतरला, त्यानं आपली काठी रोवली. सॅन्टन होडीतच बसला.

चिखल तोच होता. निवट्या त्याच्या पावलांपुढून टणाटण उडत होत्या. दूर पाण्याच्या कडेला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती, जवळ लांब लाल पायांचे शेकाटे चिखल टोचत होते. प्रल्हादला रडू आलं. इतकं सगळं नऊ वर्षं इथे रोज येत होतं आणि मोजायला कुणी नव्हतं. त्यानं दुर्बीण लावली, शेकाटे मोजायला घेतले, आणि जुन्या सवयीनं आकडा मोठ्यानं सांगितला.

"एकशे चौऱ्याऐंशी."

धुकं पायांशी येऊन बसलं होतं. त्याला ते कळलंही नाही.

"आनि एक."

खांद्यामागून आलं ते. हळू, बिडीनं घसा बसलेल्या आवाजात. प्रल्हादनं मागे पाहिलं नाही. त्याची मान वळलीच नाही. दुर्बिणीत मात्र त्याला दिसलं, तिवराच्या मुळीआड मान पंखात खुपसून एक शेकाट्या बसला होता.

मग शेकाटे सगळे एकदम उडाले. आवाज न करता. इतके पंख हलले आणि आवाज नाही. आणि त्या शांततेत, पट्ट्याच्या बाजूच्या मऊ चिखलात, जिथे कुणालाही उभं राहता येत नाही तिथे, पावलं वाजू लागली. चुळुक... चुळुक... थांबून थांबून. कुणीतरी चिखलात हात घालून चाचपत चालल्यासारखी.

"बगळेभाऊ... माझी काठी कुठं हाय?"

प्रल्हाद पळाला. पट्ट्यावरून पळता येत नाही, तरी पळाला. आपली काठी उपटून होडीत पडला. सॅन्टननं नांगर उचलला, वल्ही धरली, आणि धुक्यात पाहत तो वल्हवू लागला.

"सॅन्टन," प्रल्हाद म्हणाला. "ती काठी पाण्यानं नाही काढली."

वल्ही चालत राहिली.

"मी काढली. घट्ट होती. दोन्ही हातांनी..."

"ठावूक हाय," सॅन्टन म्हणाला.

"काय?"

"काठी तरंगली असती तर धुतली गेली असती. ती होडीत व्हती तवा हातभर काळा चिखल व्हता तिला, वाळलेला. मी तवाच बघितला."

"मग बोलला का नाहीस?"

सॅन्टननं वल्ही थांबवली. "मी बोलून काय उपेग? भावाचा भाऊच बोलनार. लोकांनी मला पन प्यायलेला ठरवला असता. तुमी बोलायचं व्हतं." मग म्हणाला, "मला वाटलं, याल पुढच्या रविवारी. मग वाटलं, त्याच्या पुढच्या. मला नका सांगू भाऊ. तिला सांगा."

पायरीवर सालोमीनं विचारलं, "किती जन?" सॅन्टन म्हणाला, "दोन." प्रल्हाद चिखलाच्या पायांनी तिच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. करकोच्यापासून. आपण पाठवलं इथपासून. ती टोपलीतला हात न काढता ऐकत होती. त्याचं संपल्यावर तिनं एकच विचारलं.

"म्हंजे घट्ट रोवलेली व्हती?"

"हो वहिनी. माझ्यानं निघत नव्हती."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "माझी सासू मरताना काय बोलली ठावूक हाय? बोलली, माझ्या पोरानं दारूनं नाव घालवलं. तवा तुमी गोखिवऱ्यातच व्हता ना? रिक्षानं किती लांब हाय हो?"

वीस मिनिटं लागतात.

ती उठून घरात गेली आणि काठी घेऊन आली. देवाच्या तसबिरीखाली कोपऱ्यात नऊ वर्षं ठेवलेली. डोक्याशी तीन खाचा.

"मला माफी मागू नका. ती माझ्यापाशी नाय," सालोमी म्हणाली. "तुमच्या हातानं निघाली, तुमच्याच हातानं परत रोवा. तिथंच. मंग त्याला दिसंल."

पुढची मोठी सुकती दोन आठवड्यांनी, अमावास्येला होती. योगायोगानं तोही रविवारच. विनयाला प्रल्हादनं आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं. ती लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत राहिली. सकाळी डबा मात्र तिनं दिला.

धुकं त्या दिवशी घरापासूनच होतं. नायगावच्या पुलावरून गाडी गेली तिचा नुसता आवाज आला. सॅन्टन अंदाजानं होडी नेत होता, आणि प्रल्हाद मांडीवर तीन खाचांची काठी आडवी धरून बसला होता. पट्ट्यापाशी पक्षी एक नव्हता. इतक्या सुकतीला, इतक्या चिखलावर, एकही नाही.

प्रल्हाद उतरला. आधी आपली काठी रोवली, रीत म्हणून. मग दोन हात अंतरावर, जुन्या जागी, दुसरी. शिंपल्यांच्या थरात ती आधी जाईना. त्यानं सगळं अंग टाकून ती दाबली, हातभर आत गेली.

"प्लासिड," तो धुक्याला म्हणाला. "इथे आहे बघ... काठी."

काही झालं नाही. थंडी वाढली एवढंच. पाणी फिरल्याचं त्याला पायाला कळलं. मग लांब, पुलाच्या बाजूला, चुळुक वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं, जवळ. वास आला, बिडीचा, ओल्या कपड्यांचा.

"भाऊ, या आता," मागून सॅन्टनचा दबका आवाज. "पानी चढतंय."

प्रल्हाद मागे सरकला. पावलं काठ्यांच्या पलीकडे येऊन उभी राहिली होती. धुक्यात तिथे काही दिसत नव्हतं, पण धुकं तिथे थोडं काळं होतं, उंच. प्रल्हादनं हात पुढे केला, अंदाजानं आपली काठी पकडली. ओल्या बांबूवर त्याची बोटं फिरली. काठी निघेना. त्यानं दोन्ही हात घातले, पाय रोवले, डोळे मिटून ओढली, आणि मागे न बघता होडीत चढला. काठी होडीच्या तळाशी टाकली. सॅन्टननं नांगर उचलला तेव्हा होडी एकदा जोरात कलंडली, मागच्या बाजूनं कुणी चढावं तशी, आणि सावरली.

येताना सॅन्टन धापा टाकत होता. अर्ध्या वाटेत एवढंच म्हणाला, "जड झालीय." पाणी होडीच्या काठाशी चार बोटांवर आलं होतं.

पायरीवर सालोमी उभी होती. स्वच्छ लुगडं नेसून.

"किती जन?"

सॅन्टननं ओठ ओले केले. "दोन."

होडीच्या मागच्या टोकाकडून, हळू, जरासं हसल्यासारखं आलं.

"आनि एक."

तिघांनीही ऐकलं. सालोमीनं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. "ये," म्हणाली, आणि वळून घराकडे चालू लागली. पाड्यातली गल्ली दोन माणसांपुरती. ती एका कडेनं, भिंतीला घासून चालली होती, डावीकडची जागा सोडून. होडी हातभर वर उचलली गेली.

प्रल्हाद पायरीवर बसून ढसाढसा रडला. नऊ वर्षांचं ओझं उतरलं की माणूस असाच रडतो. सॅन्टननं त्याला रडू दिलं. मग होडी धुवायला तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

"भाऊ."

होडीच्या तळाशी एकच काठी होती. सॅन्टननं ती उचलून धरली. तीन खाचा.

"तुमची कुठं हाय?"

प्रल्हादनं आपल्या हातांकडे पाहिलं. "मी काढली ना... घट्ट होती. दोन्ही हातांनी..." धुक्यात दोन हातांचं अंतर ते किती. पण सॅन्टनला आठवत होतं, प्रल्हादनं काठी टाकल्याचा आवाज त्यानं एकदा ऐकला होता, आणि त्यानंतर पुन्हा एकदा, मागच्या टोकाला.

दुसऱ्या दिवशी सुकतीला सॅन्टन एकटाच पट्ट्यावर गेला. रात्री त्यानं फोन केला.

"भोकं दोन हाईत, भाऊ. काठी नाय."

"वाहून गेली असेल."

"पान्यानं नेली असती तर खड्डा वाकडा झाला असता. दोनी सरळ हाईत. तुमची कोनी काढली?"

मंडळानं जुन्या वह्यांतल्या मोजणीचे कागद सरकारात दिले. पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको, नायगावला गाडीतून उतरलं की इमारतीच दिसतात. पट्टा अजून आहे. प्लासिडचं नाव पाड्यात पुन्हा नीट घेतलं जातं, म्हाताऱ्या बायका म्हणतात, अशी काठी रोवावी प्लासिडसारखी. सालोमी धक्क्यावर मेणबत्ती लावत नाही.

प्रल्हाद मात्र आता प्रत्येक सुकतीला खाडीत जातो. कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. दुर्बीण नेत नाही, वही नेत नाही. विनया सांगते की तो घरी येतो, जेवतो, तिच्याशी बोलतो, पण हाक मारली की आधी इकडेतिकडे बघतो, कुठून आली ते न कळल्यासारखा, आणि त्याच्या अंथरुणाला ओल असते. सॅन्टन त्याला नेतो, पैसे घेत नाही. पट्ट्यावर प्रल्हाद तासभर वाकून, मऊ चिखलात हात घालून आपली काठी चाचपत फिरतो. त्या चिखलात तो कंबरेपर्यंत जात नाही, हे सॅन्टननं पाहिलं आहे, पण कुणाला सांगितलेलं नाही.

मग पाणी फिरतं आणि होडी धक्क्याला लागते. प्रल्हाद पुढच्या फळीवर बसलेला असतो, हात मांडीवर ठेवून. पायरीवरच्या बायका विचारतात, "किती जन?"

सॅन्टन वल्ही आत घेतो.

"एक," म्हणतो.

आणि तो आकडा कुणी दुरुस्त करत नाही.